कुदळ मारण्याआधी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी जागेच्या तयारीबद्दलची पत्रे निवडली आहेत. नकाशा, सिमेंट, फरशी यांवर लोक महिनोन्महिने विचार करतात आणि जागा साफ करण्याचे काम मात्र जेसीबीवाल्यावर सोडून मोकळे होतात. भिंतीतली चूक तोडून दुरुस्त करता येते. जोत्याखाली जे गाडले गेले ते घर उभे असेपर्यंत उघडता येत नाही. म्हणून काही उत्तरे लांबली आहेत, ती लांबूच दिली आहेत.

प्रश्न: प्लॉट बरीच वर्षे मोकळा पडून आहे. झुडपे, गवत, कुणी कुणी आणून टाकलेला कचरा असे सगळे आहे. जेसीबीवाला म्हणतो, एका दिवसात सगळे खरवडून कोपऱ्यात खड्डा घेऊन पुरून टाकतो. चालेल का?

पुरू देऊ नका. फांद्या, मुळ्या, लाकडाचे तुकडे जमिनीत कुजतात आणि त्यांचे आकारमान घटते. वरची माती मग खाली बसते, तीही एकसारखी नाही. आज तो कोपरा रिकामा असला तरी उद्या तिथेच पाण्याची टाकी किंवा कुंपणाची भिंत येणार असते. शिवाय पुरलेले लाकूड म्हणजे वाळवीची सोय. जाळणेही नको. फांद्या बारीक तोडून खत करता येते, उरलेले बाहेर न्यावे. प्लॅस्टिक, काच, चिंध्या वेगळ्या काढाव्यात, त्या मातीत एकदा मिसळल्या की निवडून निघत नाहीत.

पण त्याआधीचे सांगायला हवे. यंत्र आत येण्यापूर्वी तीन कामे व्हायला हवीत. पहिले, हद्दीची अधिकृत मोजणी करून चारही कोपऱ्यांच्या खुणा पक्क्या करणे. जेसीबीच्या बकेटने हद्दीचा दगड उपटला गेला की पुढची भांडणे ठरलेली. प्रत्येक खुणेपासून दोन पक्क्या वस्तूंपर्यंतची अंतरे मोजून लिहून ठेवा, म्हणजे खूण हलली तरी जागा पुन्हा सापडते.

दुसरे, जमिनीखाली काय जाते ते शोधणे: पाण्याची लाइन, वीज केबल, गॅसचा पाइप, शेजाऱ्याचे सांडपाणी. संबंधित खात्यांकडून नकाशे मागा, पण त्यांच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नका, कारण टाकताना लाइन अनेकदा कागदापासून सरकलेली असते. जिथे शंका आहे तिथे लाइनच्या अंदाजी दिशेला आडवा, हाताने खणलेला चर घ्या. सापडलेल्या केबलच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर यंत्र चालवायचे नाही, तिथे फावड्यानेच काम करायचे. केबलवर विटा किंवा रंगीत पट्टी असते म्हणतात. असते, पण नेहमी नसते. आणि वर बघायला विसरू नका: जेसीबीचा उचललेला हात आणि डंपरची उघडलेली ट्रॉली वरच्या तारांना लागून माणसे दगावतात.

तिसरे काम, जमिनीच्या पातळ्या घेणे. प्लॉटवर तीन-तीन मीटरचे चौकोन कल्पून प्रत्येक छेदाची पातळी लिहा. लेव्हल मशीन नसेल तर पारदर्शक नळीनेही होते, फक्त नळीत एकही बुडबुडा नको आणि वाचताना दोन्ही तोंडे उघडी हवीत. मूळ खूण न हलणाऱ्या वस्तूवर करा. कुंपणाचा खांब किंवा झाड त्यासाठी चालत नाही. या आकड्यांशिवाय किती माती काढली आणि किती भरली याचा हिशेब ठेकेदाराच्या तोंडावर राहतो.

एवढे झाले की वरचे गवत-झुडूप काढा आणि मग मातीचा वरचा १५ सेंमी थर स्वतंत्र उचला. मुळ्या खोल असतील तर २० सेंमी. या थरात कुजणारा पाला आणि मुळ्या असतात, त्यामुळे तो कोणत्याही बांधकामाखाली चालत नाही. बागेसाठी मात्र याच्यासारखी माती विकत मिळणार नाही. प्लॉटच्या ज्या बाजूला गाड्या जाणार नाहीत तिथे तिचा ढीग करा. उंची दोन मीटरच्या आत ठेवा आणि त्यावर गाड्या चढू देऊ नका. फार उंच ढिगात आतली माती दबते, हवा जात नाही, तिचा कस जातो.

प्रश्न: जिथे हॉल येणार आहे तिथे एक मोठे जुने झाड आहे. तोडण्याची परवानगी मिळाली आहे. जमीन काळी चिकण माती आहे. झाड तोडून लगेच पाया घेता येईल का?

तुमच्या पत्रातला महत्त्वाचा शब्द 'काळी' हा आहे. मुरमाड किंवा वालुकामय जमीन असती तर उत्तर दोन ओळींत संपले असते: बुंधा मुळांसकट काढा, खड्डा थराथराने भरा, पुढे चला.

चिकण माती पाणी घेऊन फुगते आणि वाळली की आकसते. मोठे झाड वर्षानुवर्षे आपल्या परिसरातले पाणी ओढत असते, त्यामुळे त्याखालची माती आजूबाजूपेक्षा कोरडी आणि आकसलेली असते. झाड गेले की ते ओढणे थांबते. पाणी हळूहळू परत मुरते आणि माती फुगून वर येऊ लागते. हे एका पावसात संपत नाही, मातीनुसार काही वर्षे चालते. त्यावर हलकी फरशी किंवा प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) असेल तर तो खालून उचलला जातो. भेगा बहुधा जोत्यापासून सुरू होतात, दारे अडकू लागतात, आणि लोक दोष गवंड्याला देतात.

म्हणून शक्य असेल तर झाड बांधकामाच्या बरेच आधी काढा, किमान एक पूर्ण पावसाळा त्या जागेवरून जाऊ द्या. तेवढी सवड नसेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला झाडाची जागा, जात, उंची आणि बुंध्याचा घेर नकाशावर लिहून द्या. मग पाया त्या कोरड्या पट्ट्याच्या खाली नेणे किंवा पाइल (खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घेणे, प्लिंथ बीमखाली माती फुगायला ७५-८० मिमी रिकामी जागा सोडणे, फरशी भरावावर न टेकवता स्लॅबवर घेणे असे मार्ग असतात. कोणता घ्यायचा हे माती तपासल्यावर ठरते. ती रिकामी जागा कामगार कचऱ्याने किंवा सांडलेल्या काँक्रीटने भरून टाकतात, तेव्हा बीम टाकताना स्वतः उभे राहा.

बुंधा काढताना आधी भोवती चर घेऊन आडवी मुळे तोडा, मग बकेटने उचला. साखळी बांधून ट्रॅक्टरने हिसका देऊ नका. ट्रॅक्टर मागे उलटतो. अंगठ्यापेक्षा जाड मुळे जोत्याच्या जागेतून निवडून काढा, कारण कुजल्यावर त्यांच्या जागी पोकळ नळ्या राहतात आणि पाणी त्याच वाटेने आत येते. बुंध्याच्या खड्ड्यातच फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा रुंद पाया, येत असेल तर भरावावर ते बसवू नका. न हललेल्या मातीपर्यंत खाली जा आणि वाढलेली खोली साध्या काँक्रीटने भरून काढा.

पत्राच्या शेवटी तुम्ही दुसरे झाड राखायचे आहे असे लिहिले आहे, ते वाचून बरे वाटले. त्यासाठी छातीच्या उंचीवर, म्हणजे साधारण दीड मीटरवर, खोडाचा व्यास मोजा आणि त्याला १२ ने गुणा. ४० सेंमी व्यासाच्या खोडाला ४.८ मीटर त्रिज्येचे वर्तुळ होते. पहिल्याच दिवशी तेवढ्या जागेला कुंपण घाला. आत खोदाई नाही, गाडी नाही, सिमेंटचे पाणी नाही आणि मातीचा भरावही नाही. भरावाकडेच सगळ्यांचे दुर्लक्ष होते. झाडाची बहुतेक बारीक मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये असतात. त्यावर हातभर माती टाकली की हवा तुटते आणि झाड दोन-तीन वर्षांत वाळते. तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही.

प्रश्न: दुमजली घरासाठी माती परीक्षण खरेच लागते का? शेजारच्या घरांनी केलेले नाही आणि ती उभी आहेत.

लागते. शेजारचे घर कोणत्या खोलीवर, कशावर टेकले आहे हे त्याच्या भिंतीकडे बघून कळत नाही. एकाच प्लॉटच्या एका टोकाला मुरूम आणि दुसऱ्या टोकाला बुजवलेला ओढा सापडू शकतो.

लहान घरासाठी निदान दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्या, पाया जिथवर जाणार त्याच्याही खाली. मात्र हे खड्डे जिथे फुटिंग येणार त्या जागेवर घेऊ नका, जरा बाजूला घ्या. नाहीतर तपासणीनेच ती जागा भुसभुशीत होते. दोन खड्ड्यांतली माती वेगळी निघाली तर आणखी खड्डे घ्या. खड्ड्याची भिंत वरून खाली बघत प्रत्येक थराची जाडी, रंग, ओल आणि पाणी लागले तर त्याची पातळी लिहा. छायाचित्रात टेप दिसू द्या. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात कुणी उतरायचे नाही, वरूनच बघायचे.

माती फुगणारी आहे का याची एक सोपी चाचणी प्रयोगशाळेत करतात आणि तिचा निकाल समजून घेण्यासारखा आहे. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळकांड्यात पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये टाकून ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पूर्ण बसू दिल्यावर पाण्यातले आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्के जास्त ते काढतात. हा आकडा ५० च्या पुढे गेला तर साधा उथळ पाया घेण्याचा विचार सोडून द्या.

प्रश्न: जोत्यात जवळपास एक मीटर मुरूम भरायचा आहे. ठेकेदार म्हणतो, सगळा एकदम टाकू, वरून भरपूर पाणी सोडू, आपोआप बसेल. शेजारी म्हणतो, रोलर लागतो. कोणाचे ऐकायचे?

रोलर आत जाणार नाही, आणि ठेकेदाराचे ऐकू नका. पाणी सोडून बसते ती स्वच्छ वाळू, तीही पाण्याला खाली वाट असेल तर. मुरमात बारीक माती असते. वरून सोडलेले पाणी ती बारीक माती घेऊन पहिल्या वीतभर थरात अडकते, तिथे चिखलाची साय धरते आणि खालचा मुरूम तसाच सैल राहतो. वरून चालून पाहिले तर टणक लागते, म्हणून सगळे समाधानी. पुढे फरशी बसल्यावर ओल खाली उतरते, सैल थर बसतो, फरशी पोकळ वाजू लागते आणि भिंतीच्या कडेने फट पडते.

पद्धत अशी. भराव घालण्याआधी तळातली सैल माती, काँक्रीटचे सांडलेले गोळे, शटरिंगच्या फळ्या, सिमेंटच्या गोण्या सगळे बाहेर काढा. मुरूम २० सेंमी सैल थरात पसरा, तो दाबून साधारण १५ सेंमी व्हायला हवा. हाताच्या धुम्मसने (माती ठोकण्याच्या जड ठोकण्याने) काम असेल तर थर १५ सेंमीच्या वर नको. एक मीटर उंचीला सहा-सात थर होतात. भिंतीवर आतून खडूने थरांच्या रेघा मारून ठेवा म्हणजे वाद होत नाही. दाबाचा जोर खोलीबरोबर झपाट्याने कमी होतो, म्हणून जाड थरावर यंत्र दुप्पट वेळ फिरवले तरी खालचा भाग दबत नाही.

ओल हा यातला सगळ्यात नाजूक भाग. १९३३ मध्ये राल्फ प्रॉक्टर या धरण अभियंत्याने दाखवले की दाबण्याचा जोर ठरलेला असेल तर मातीला एक ठरावीक ओल असतानाच ती सर्वाधिक घट्ट बसते. ओल कमी असेल तर कण एकमेकांवर घसरत नाहीत, जास्त असेल तर पोकळ्यांत पाणी भरते आणि पाणी दाबले जात नाही. प्रयोगशाळेत हा आकडा नेमका मिळतो. जागेवर अंदाज घ्यायचा तर मूठभर मुरमातले मोठे खडे काढून गोळा आवळा. हात ओला न होता गोळा टिकला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटला तर ओल बरोबर आहे. भुगा झाला तर पाणी शिंपडा. पोळीसारखा चपटा झाला तर थर पसरून वाळू द्या. पाणी थर पसरल्यावर झारीने किंवा पाइपच्या फवाऱ्याने मारा, थोडा वेळ मुरू द्या आणि मग दाबा.

मधल्या भागात प्लेट कॉम्पॅक्टर (थरथरणाऱ्या सपाट पत्र्याचे दाबयंत्र) एकावर एक येणाऱ्या पट्ट्यांत चार ते सहा वेळा फिरवा. कोपरे आणि भिंतीलगतचा हातभर पट्टा त्याने होत नाही, तिथे उड्या मारणारा रॅमर किंवा धुम्मस हवीच. भराव जास्त करून इथेच बसतो, कारण इथे यंत्र जात नाही आणि हाताने करायचा कंटाळा असतो. जोत्याच्या भिंतीचे काम नवे असेल तर किमान सात दिवस क्युरिंग होऊ द्या, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंना भराव साधारण बरोबरीने चढवा. एकाच बाजूने भरून कॉम्पॅक्टर लावला तर भिंत बाहेर ढकलली जाते.

तपासणी दोन प्रकारची. खरी म्हणजे वाळूच्या बदलीची घनता चाचणी: दाबलेल्या थरात छोटा खड्डा घेऊन निघालेला माल तोलतात आणि खड्ड्याचे आकारमान वाळू भरून मोजतात. तिच्यात प्रयोगशाळेतल्या कमाल कोरड्या घनतेच्या ९५ टक्के आकडा मागतात. घरगुती कामात प्रत्येक थराला नाही तरी निदान मधल्या आणि शेवटच्या थराला ती करून घ्या. दुसरी, रोजची: १२ मिमीची टोकदार सळई हाताने दाबून बघा. एका जागी चार-पाच सेंमीवर अडली आणि दुसऱ्या जागी सरसर हातभर आत गेली तर ती दुसरी जागा उकरून पुन्हा दाबायला लावा. काळी माती भरावाला कधीच घेऊ नका, खोदाईतून फुकट निघाली असली तरी.

वाळवीचे औषध हा भराव पूर्ण झाल्यावर, सोलिंग (फरशीखालचा दगडांचा थर) टाकण्याआधी मारतात. पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण धरतात. औषधाचे पाण्यातले प्रमाण डब्यावर लिहिलेलेच ठेवा. मारल्यानंतर तो थर पुन्हा उकरायचा नाही, म्हणून जमिनीखालचे पाइप त्याआधीच टाकून घ्या.

प्रश्न: माती किती ब्रास निघेल आणि मुरूम किती ब्रास लागेल, हे आधी कसे काढायचे? दर वेळी डंपर मोजताना वाद होतो.

वादाचे मूळ असे की जमिनीतली, गाडीतली आणि दाबलेली माती ही तीन वेगळी मापे आहेत. खणल्यावर साधी माती २० ते ३० टक्के फुगते, फोडलेला खडक ४० ते ५० टक्के किंवा त्याहूनही जास्त.

१२ बाय १८ मीटरच्या प्लॉटवरून १५ सेंमी थर काढायचा आहे. २१६ गुणिले ०.१५ म्हणजे ३२.४ घनमीटर जमिनीतले माप. २५ टक्के फुगवटा धरला तर गाडीत ४०.५ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर, तेव्हा सुमारे सव्वाचौदा ब्रास. भरावाचे उलट: १०० चौरस मीटरवर ६० सेंमी दाबलेला भराव हवा तर ६० घनमीटर झाले, पण सैल मुरूम ७५ ते ७८ घनमीटर लागेल, साडेसव्वीस ते साडेसत्तावीस ब्रास. बोलणी करताना दर कोणत्या मापावर, हे कागदावर लिहा. गाडीची आतली लांबी, रुंदी, उंची पहिल्याच फेरीला टेपने मोजा आणि माल कडेला समतल करायला लावून मग मोजा.

प्रश्न: जुने घर पाडले त्याचा राडारोडा भरावात वापरू का?

निवडलेला असेल तरच. विटांचे आणि काँक्रीटचे स्वच्छ तुकडे चालतात, पण दाबलेल्या थराच्या जाडीच्या दोन-तृतीयांशाहून मोठा तुकडा नको, नाहीतर त्याच्या कडेला पोकळी राहते. लाकूड, माती-गवताचा गिलावा, प्लॅस्टिक, जिप्समचे छत काढून टाका. जिप्सममधले सल्फेट ओलीबरोबर नव्या काँक्रीटला खाते. जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते फोडायचे, कापायचे, झाडायचे नाहीत, ओले करून अखंड उतरवायचे आणि हे काम जाणकारांकडूनच करून घ्यायचे.

जुना पाया जोत्याच्या जागेत असेल तर तो पूर्ण उपटा. नव्या फुटिंगचा अर्धा भाग जुन्या दगडी पायावर आणि अर्धा मातीवर टेकला तर मातीकडचा बसतो, दगडाकडचा बसत नाही.

प्रश्न: साफसफाई करताना बुजवलेली विहीर सापडली. नकाशात नेमका एक कॉलम तिच्या कडेला येतो. काय करावे?

काम थांबवा आणि आधी तिचा घेर नक्की करा. केंद्र कुठे असेल याचा अंदाज घेऊन बाहेरून आत येणारे तीन-चार उथळ चर घ्या म्हणजे कठड्याची कड सापडेल. प्लॉटच्या कोपऱ्यांपासून मोजून ती नकाशावर काढा आणि इंजिनिअरकडे द्या. कॉलम सरकवता आला तर तो सर्वांत स्वस्त उपाय. नाही सरकला तर दोन्ही बाजूंच्या पक्क्या जमिनीवर टेकलेला बीम विहिरीवरून नेतात किंवा पाइल घेतात. टेकू कड्यापासून किती लांब, हे गणिताने ठरते, नजरेने नाही.

आत बहुधा कचरा असतो. माणूस उतरवू नका. जुन्या विहिरीत आणि सेप्टिक टाकीत प्राणवायू कमी असतो, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड साचलेले असतात. उतरलेला बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेलाही. कंदील सोडून बघण्याची जुनी पद्धत मिथेनमुळे स्फोट घडवू शकते. कचरा यंत्राच्या बकेटनेच काढा.

भरताना पाण्याच्या पातळीपर्यंत धुतलेली खडी किंवा डबर टाका, कारण पाण्यात माती दाबता येत नाही आणि घाण भूजलात उतरते. पाण्याच्या वर २० सेंमीचे थर दाबत या. कठडा जमिनीखाली मीटर-दीड मीटरपर्यंत पाडून घ्या, नाहीतर तो कडक कडे म्हणून राहतो आणि आतला भराव त्याच्यापासून सुटून बसतो. वर चिकण मातीचा किंवा काँक्रीटचा झाकणथर द्या म्हणजे पावसाचे पाणी थेट खाली जाणार नाही. हे सगळे चोख केले तरी त्या जागेवर भार टाकायचा नाही, हे गृहीत धरूनच नकाशा करा.

प्रश्न: लाइन आउट करताना, म्हणजे घराची आखणी जमिनीवर करताना, गुणिया (काटकोन) नीट बसला की नाही कसे ओळखावे?

कर्ण मोजा. १२ बाय ९ मीटरच्या आयताचे दोन्ही कर्ण १५ मीटर यायला हवेत. १२ बाय १० असेल तर १५.६२. फक्त दोन्ही कर्ण सारखे आले एवढ्यावर थांबू नका, समोरासमोरच्या बाजूही सारख्या आहेत का ते बघा.

३-४-५ ची पद्धत (त्रिकोणाच्या बाजू ३, ४ आणि ५ आल्या की काटकोन) बरोबर आहे, पण गवंडी ती फुटात, छोट्या त्रिकोणावर करतात. ४ फुटांच्या बाजूवर एक सेंमी चुकले तर १२ मीटरवर ते सुमारे १० सेंमी होते. म्हणून ६-८-१० मीटर घ्या. टेप स्टीलची, ताणून आणि आडवी धरलेली. उतारावर जमिनीला चिकटवून मोजले तर प्रत्यक्ष आडवे अंतर कमी भरते.

बुरुज्या (मध्यरेषेच्या खुणांसाठी बांधलेले छोटे खांब) खोदाईच्या कडेपासून एक-दीड मीटर बाहेर बांधा. जवळ बांधल्या तर खणताना ढासळतात किंवा मातीखाली जातात, मग मध्यरेषा पुन्हा आखताना पहिलीशी जुळत नाही. चुन्याच्या फक्कीच्या रेघा एका पावसात जातात, खिळे आणि दोरी हाच खरा आधार.

प्रश्न: शेजाऱ्याच्या घराची भिंत हद्दीलगत आहे. आमचा पाया त्यांच्यापेक्षा खोल जाणार. धोका आहे का?

आहे, आणि तो सुरुवातीच्याच दिवसांत असतो. आधी एक छोटा खड्डा घेऊन त्यांचा पाया किती खोल आहे ते बघा. त्याच्या तळापासून तुमच्या बाजूला ४५ अंशांत उतरणारी रेघ कल्पा. त्या रेघेखाली तुमची खोदाई जात असेल तर त्यांच्या पायाखालचा आधार निघतो.

सगळ्यात चांगले म्हणजे तुमचे फुटिंग मागे घेणे. ते जमत नसेल तर लांब चर एकदम उघडू नका. मीटर-सव्वा मीटरचे टप्पे पाडून त्यांना १, २, ३, १, २, ३ असे क्रमांक द्या. आधी सगळे १ क्रमांकाचे खणा, काँक्रीट करा, ते घट्ट होऊ द्या, मग २, शेवटी ३. यंत्र न लावता हाताने खणा, पावसाळा टाळा. शेजाऱ्यांना घेऊन त्यांच्या भिंतीवरच्या आधीच्या भेगांची छायाचित्रे काढा. प्रत्येक भेगेवर प्लास्टरचा छोटा तुकडा लावून त्यावर तारीख लिहा. तो तडकला तर भेग वाढते आहे, लगेच काम थांबवून टेकू द्या आणि इंजिनिअरला बोलवा.

काढलेली माती चराच्या कडेला नको, किमान एक-दीड मीटर लांब टाका. एक घनमीटर माती दीड-पावणेदोन टन भरते. तिच्या ओझ्याने कडा सुटते आणि आत वाकून काम करणारा माणूस कमरेपर्यंत गाडला गेला तरी त्याला ओढून काढता येत नाही. दीड मीटरच्या वर खोली गेली की कडांना उतार द्या किंवा फळ्या आणि आडवे टेकू लावा, माती कितीही टणक दिसत असली तरी. शिडी चरातच ठेवा.

प्रश्न: फुटिंगचे खड्डे खणून झाले आणि पाऊस आला. पाणी उपसून लगेच पीसीसी (तळाचे साधे, सळईविना काँक्रीट) टाकली तर?

तळ तपासल्याशिवाय टाकू नका. पाण्याखाली राहिलेल्या तळाचा वरचा थर मऊ होतो. पाणी उपसून तो चिखल टणक जमीन लागेपर्यंत खरवडा, मग ती पाच सेंमीवर लागो की वीस. वाढलेली खोली मातीने नाही, पीसीसीनेच भरा. काळ्या मातीत उलटाही त्रास असतो: खड्डा उन्हात उघडा राहिला तर तळाला भेगा पडतात.

पुढच्या खड्ड्यांसाठी सोपी सवय लावा. शेवटची १०-१५ सेंमी माती मुद्दाम ठेवा आणि ज्या दिवशी पीसीसी टाकायची त्याच दिवशी सकाळी ती हाताने काढा. खड्ड्यांच्या वरच्या अंगाला एक उथळ पाट खणून पावसाचे पाणी बाजूने काढून द्या, आणि एका कोपऱ्यात छोटा खळगा ठेवा म्हणजे पंपाचा पाइप तिथे बसतो आणि तळ ढवळला जात नाही.